लोकलच्या सगळ्या डब्यांत कॅमेरे हवेत की नकोत?

वसईची_७५२: महिलांच्या डब्यांत कॅमेरे बसवता, मग जनरलनं काय घोडं मारलंय? ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट झाले. २०२५ मध्ये हायकोर्टानं बाराही आरोपींना निर्दोष सोडलं, प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी टिकल्या नाहीत. पिशवी कुणी ठेवली, कुठे उतरला, याचं चित्रण असतं तर लोकांच्या आठवणींवर खटला चालवावा लागला नसता.

खिडकी_कल्याण: २६/११ ला सीएसटीवर कॅमेरे होतेच की. कसाब त्यात दिसतो, कोर्टात उपयोग झाला, मान्य. पण त्या रात्री माणसं वाचवली ती उद्घोषणा कक्षातल्या विष्णू झेंडेंनी. समोर चाललंय ते बघून माइकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत राहिले. बघणारा माणूस पाहिजे हो, नुसती काच नको.

माझंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात दारात उभा होतो. खांबाला लटकलेल्या पोरानं मनगटावर काठी हाणली, मोबाइल रुळांवर. फटका गँग! डब्यात कॅमेरा असता तर काय दिसलं असतं? माझी पाठ. सकाळच्या गर्दीत तर तेही नाही, नुसते टाळू आणि वर धरलेल्या बॅगा.

लेडीज_सेकंड: दादा, दारात उभं राहायची हौस तुमची, शिक्षा आम्हाला का? रात्री पावणेअकराची गाडी, डब्यात आम्ही तिघी. होमगार्ड असतो, तो त्या दिवशी पलीकडच्या डब्यात. एक जण आत चढला, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, पुढच्या स्टेशनला मुकाट उतरला. ‘पाठ दिसते’ म्हणून तोही काढून टाकायचा का?

खिडकी_कल्याण: ताई, काढा कुठे म्हटलं मी? पण त्याला चुकून चढलोय हे कळलं असेल, असंही असू शकतं.

लेडीज_सेकंड: चुकून चढलेला माणूस आधी कॅमेरा शोधत नाही. वीस वर्षं प्रवास करतेय, चुकून चढलेला ‘सॉरी सॉरी’ करत दाराला चिकटून राहतो.

तिसरी_सीट: आणि चौथ्या सीटवर डुलक्या काढणाऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवणार, कोण बघणार, तेही डब्यात लिहा की. नाहीतर उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल.

वसईची_७५२: ते लिहावंच. पण महिलांच्या डब्यात टॉकबॅकचं बटण आहे, थेट गार्डशी बोलता येतं. आम्हाला तेवढं तरी द्या.

खिडकी_कल्याण: बघा, शेवटी गार्डच लागला ना?