सोया पेंड कमी केल्यावर अंड्याचे वजन घटले: थ्रिओनिन की व्हॅलिन?

मोहोळ तालुक्यात आमच्या ३,००० अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत (जात बीव्ही-३००, वय ३८ आठवडे) आणि खाद्य आम्ही घरीच दळून मिसळतो. सोया पेंड महागल्याने दर टनामागे ती २४० किलोवरून २०० किलोवर आणली, तेवढाच मका वाढवला, आणि पेंडीतल्या ॲमिनो आम्लांची (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांची) घट भरून काढण्यासाठी १.३ किलो लायसिन हायड्रोक्लोराइड घालून डीएल-मिथिओनिन १.२ वरून १.४ किलो केले. हिशेबाने प्रथिने सुमारे १७ वरून १५.५ टक्क्यांवर आली आहेत.

तीन आठवड्यांत अंड्याचे सरासरी वजन ५५ ग्रॅमवरून ५३ ग्रॅमवर उतरले आणि काही पक्षी एकमेकांची पिसे उपटू लागले. अंड्यांची संख्या आणि कवच मात्र ठीक आहे. ॲमिनो आम्ले आधी दहा किलो मक्याच्या भरड्यात कालवूनच मिक्सरमध्ये टाकतो, त्यामुळे मिश्रणातला दोष वाटत नाही. जंतनाशक दिले आहे, पाणीही तपासले आहे. उन्हाळा अजून लागलेला नाही, म्हणून उष्णतेने खाणे घटले असेही नाही. मासळीची भुकटी वापरायची नाही.

माझा कयास असा, की आता थ्रिओनिन किंवा व्हॅलिन यांपैकी एखादे ॲमिनो आम्ल कमी पडत असावे. यांपैकी आधी कोणते आणि टनामागे किती घालावे, की वीस किलो पेंड परत वाढवणेच स्वस्त पडेल? शिवाय या लायसिनमधून क्लोराइडही जाते, आणि मिठातही तेच असते, तर मीठ थोडे कमी करून त्याजागी खाण्याचा सोडा कोणी वापरला आहे का, आणि किती?