'हायर ऑर्डर मेथड'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी सीएफडीवर, म्हणजे हवापाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवायच्या विषयावर, मराठीत टिपणं लिहितेय. 'हायर ऑर्डर मेथड' साठी एकीकडे 'उच्च दर्जाची पद्धत' वाचलं, दुसरीकडे 'उच्च कोटीची'. दोन्ही खटकतात पण का ते नीट सांगता येत नाहीये. वर्गात सहज तोंडात बसेल असा शब्द हवाय.

प्रतिसाद:
ताई, 'दर्जा' अजिबात नको. आणि 'उच्च कोटीचा' म्हटलं की आपल्याला उच्च कोटीचा गायक, उच्च कोटीचा विद्वान हेच आठवतं, म्हणजे पोरं समजणार की ही पद्धत भारी आणि बाकीच्या टाकाऊ. ऑर्डर म्हणजे पद्धतीचं कौतुक नाही हो, जाळी (ज्या बिंदूंवर गणित करतो त्यांची मांडणी) बारीक केल्यावर चूक किती वेगाने कमी होते त्याचा तो आकडा आहे. दोन बिंदूंमधलं अंतर निम्मं केलं की पहिल्या ऑर्डरची चूक निम्मी होते, दुसऱ्या ऑर्डरची पाव, चौथ्या ऑर्डरची थेट सोळावा हिस्सा.

मुलांना हे कॅल्क्युलेटरवर करायला लावा. साइन एक्स घ्या, एक्स = 1 रेडियन, तिथला खरा उतार 0.5403. अंतर 0.1 ठेवून साधा पुढचा फरक काढला तर चूक 0.0429 येते, अंतर 0.05 केलं की 0.0213. दोन्ही बाजूंचा मधला फरक घेतला तर 0.00090 वरून 0.000225. आणि पाच बिंदूंचं चौथ्या ऑर्डरचं सूत्र लावलं तर 0.0000018 वरून 0.00000011. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की 'ऑर्डर' चा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही.

प्रतिसाद:
मग सरळ 'उच्चघाती' म्हणा की, शेवटी अंतरावरचा घातांकच तर आहे तो.

प्रतिसाद (वरचाच, सूत्रवाला):
सुचायला छान आहे पण इथेच गोची होते. 'घात' बहुपदीसाठी लागतो. डिस्कंटिन्युअस गॅलर्किन पद्धत घ्या (मूळ 1973 ची, न्यूट्रॉनच्या गणितासाठी रीड आणि हिल यांनी काढलेली, प्रवाहाच्या गणितात ती नंतर रुळली), तिच्यात जाळीच्या प्रत्येक घरात तिसऱ्या घाताची बहुपदी वापरली तर अचूकता साधारण चौथ्या ऑर्डरची मिळते, म्हणजे घात तीन आणि ऑर्डर चार. दोन्हींना एकच शब्द वापरला तर मुलं परीक्षेत हमखास एकाने चुकणार. म्हणून माझं मत 'क्रम', पण तोही एकटा सोडू नका, कारण प्रवाहाचं नेव्हिए-स्टोक्स समीकरण स्वतःच दुसऱ्या क्रमाचं आहे (म्हणजे त्यात दुसरा डेरिव्हेटिव्ह येतो) आणि ते तुम्ही चौथ्या क्रमाच्या पद्धतीने सोडवताय. 'अचूकतेचा क्रम' असं पूर्ण लिहा. आणि 'चढ्या क्रमाची' तर नकोच, ते चढत्या-उतरत्या क्रमासारखं वाटतं. शक्यतो आकडा घालूनच बोला: तिसऱ्या क्रमाची, पाचव्या क्रमाची.

प्रतिसाद:
क्रमाला माझंही अनुमोदन. पण एवढा खटाटोप कशासाठी, दुसऱ्या क्रमाने जाळी आणखी बारीक करून भागत नाही का?

प्रतिसाद:
भागतं पण परवडत नाही. त्रिमितीत अंतर निम्मं केलं की बिंदू आठपट होतात, आणि नेहमीच्या एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचं उत्तर थेट आधीच्या क्षणावरून काढतात ती) कूरांत-फ्रीडरिक्स-लेवी अटीमुळे (1928 ची आहे ती) वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं, एकूण काम सोळापट. चूक सोळाव्या हिश्श्यावर आणायची तर दुसऱ्या क्रमात अंतर दोनदा निम्मं करायला लागतं, म्हणजे 256 पट काम, चौथ्या क्रमात एकदाच, 16 पट. चौथ्या क्रमाचं एकेक पाऊल महाग असतं हे खरं, तरी हिशेब बहुतेक वेळा तिच्याच बाजूने पडतो.

हेलिकॉप्टरचं उदाहरण द्या मुलांना. पात्याच्या टोकाला भोवरा सुटतो आणि मागून येणारं पातं त्याच्यावर जाऊन आदळतं, त्यातून तो फटफट आवाज येतो. खालच्या क्रमाची पद्धत तो भोवरा पुढचं पातं यायच्या आतच पुसून टाकते, कारण तिच्यात हवेला नसलेला चिकटपणा आपोआप घुसतो. याला पुस्तकी शब्द 'संख्यात्मक श्यानता', मी तरी वर्गात 'खोटा चिकटपणा' च म्हणेन, ऐकताक्षणी कळतं.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती):
खोटा चिकटपणा घेतला! आता शॉकचं सांगा, म्हणजे जिथे दाब एकदम उडी मारतो तिथलं. तिथेही पाचवा क्रम म्हणायचं का?

प्रतिसाद:
नाही, तिथे शब्द फार जपून वापरायला हवा. गोडुनॉव्ह या रशियन गणितज्ञाने 1959 मध्ये सिद्ध केलं की रेषीय पद्धत खोट्या लहरी न उठवणारी हवी असेल तर ती पहिल्या क्रमाच्या वर जाऊच शकत नाही. मग रेषीयपणाच सोडावा लागला आणि त्यातून उतारांना लगाम घालणारे लिमिटर, आणि गुळगुळीत बाजूच्या बिंदूंवर भर देणाऱ्या ईनो, वेनो पद्धती हे सगळं आलं. 1996 च्या जियांग आणि शू यांच्या वेनोत तीन-तीन बिंदूंचे तीन गट असतात, त्यांना 1/10, 6/10, 3/10 असं वजन दिलं की पाचवा क्रम मिळतो, आणि एखादा गट शॉकवर आडवा पडला की त्याचं वजन जवळजवळ शून्यावर आणतात. किती सुंदर युक्ती आहे ही! पण शॉकपाशी तुमचा पाचवा क्रम राहत नाही, साधारण पहिल्यावर येतो.

प्रतिसाद (प्रश्नकर्ती):
मग असं लिहिलंय, बघा: 'वेनो ही पाचव्या क्रमाची अचूकता असलेली पद्धत आहे.'

प्रतिसाद:
'प्रवाह जिथे गुळगुळीत आहे तिथे' एवढं आधी जोडा, मग वाक्य बरोबर.