नवीन गिट टाकलं तरी जुनंच चालतंय, विच मात्र नवीन दाखवतं

प्रश्न:
उबुंटू २२.०४ (लिनक्स) वर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) २.३४.१ होतं, मला नवीन पाहिजे होतं म्हणून सोर्स घेऊन कंपाइल केलं (मूळ कोडपासून स्वतः प्रोग्राम बनवला), मेक इन्स्टॉल पण नीट झालं. आता 'विच गिट' (गिटची फाइल कुठे आहे ते विचारणारी कमांड) केलं की /यूएसआर/लोकल/बिन/गिट येतं म्हणजे नवीनच, पण 'गिट --व्हर्जन' केलं की परत २.३४.१! पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी) चार वेळा बघितला, लोकलवालं आधीच आहे. दोन तास गेले, काय चुकतंय?

उत्तर १:
तुमचं काही चुकलं नाहीये. बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा शेल, दर वेळी पाथमधले फोल्डर धुंडाळत बसत नाही, एकदा कमांड सापडली की तिचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सरळ तिथेच जातो. सोर्स घ्यायला तुम्ही त्याच टर्मिनलमध्ये गिट क्लोन (कोडची प्रत उतरवून घेणारी कमांड) मारलं असणार, तेव्हाच जुना पत्ता त्याच्या डोक्यात बसला. 'हॅश -आर' मारा, सगळं विसरेल. नुसतं 'हॅश' लिहिलं तर काय काय लक्षात आहे आणि किती वेळा वापरलं ते दिसतं.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण विचवर भिस्त ठेवू नका राव. उबुंटूत तो वेगळा प्रोग्राम आहे, स्वतः पाथ वाचून शोधतो, तुमच्या चालू बॅशने काय लक्षात ठेवलंय ते त्याला दिसतच नाही, एलियास (कमांडला दिलेलं टोपणनाव) आणि शेलमधलं फंक्शनही नाही. 'टाइप गिट' विचारा, ते बॅशच्या आतलंच आहे. 'टाइप -ए गिट' केलं तर सगळ्या जागा दिसतील, त्यात /बिन/गिट पण येईल, ते तिसरं गिट नाही, /बिन ही /यूएसआर/बिनचीच लिंक आहे.

प्रश्नकर्ता:
हो हो, क्लोन त्याच खिडकीत केलं होतं! टाइपने सरळ 'हॅश्ड' म्हणून /यूएसआर/बिन/गिट दाखवलं, हॅश -आर नंतर नवीन चालू झालं. खूप आभार दोघांचे. अजून एक, माझी स्क्रिप्ट समोरच्या फोल्डरमध्ये असून 'कमांड नॉट फाउंड' येतं, पाथमध्ये टिंब (म्हणजे चालू फोल्डर) टाकू का?

उत्तर १:
अजिबात नको. टिंब सुरुवातीला असेल आणि कोणी /टेम्पमध्ये (तिथे कोणीही फाइल ठेवू शकतो) एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या, नावाची फाइल ठेवली असेल तर तिथे जाऊन एलएस मारलं की तीच चालणार तुमच्या नावाने. पाथच्या शेवटी चुकून कोलन राहिला तरी शेल चालू फोल्डर धरतो, तेही एकदा बघून घ्या. नावात स्लॅश असला की शेल पाथ बघतच नाही, म्हणून आधी ./ लावून चालवा. नेहमीच लागत असेल तर होममध्ये 'बिन' फोल्डर करून त्यात ठेवा, उबुंटूचं .प्रोफाइल लॉगिनच्या वेळी तो फोल्डर दिसला की पाथमध्ये स्वतःच घेतं.