मदत हवी आहे : प्रशासकांना जाब कसा विचारावा?

आमच्या ग्रामपंचायतीची मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार पाहत आहेत; परंतु त्यांचे नाव किंवा नेमणुकीचा आदेश फलकावर कोठेही लावलेला नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असतात, त्यामुळे केवळ एका नावासाठी १० रुपयांचा अर्ज करून ३० दिवस थांबणे मला विचित्र वाटते (तरीही अर्ज करणारच आहे). खरी अडचण पुढची आहे. सरपंचांवर अविश्वास ठराव आणता येतो, प्रशासकांवर नाही. अशा वेळी ग्रामसभेत खर्चाचा हिशेब कसा मागावा आणि तो न मिळाल्यास तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे करावी की थेट जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.