विंडोज-ई दाबलं की थेट आपलंच फोल्डर उघडावं, काय करू?

सेलूकर:
नमस्कार मंडळी. सेलूला माझं ऑनलाइन सेंटर आहे. विंडोज ११ आहे, सगळं काम डी ड्राईव्हमधल्या ‘पीक विमा’ फोल्डरात चालतंय. पण विंडोज-ई (कीबोर्डवरची विंडोज आन् ई ही बटणं एकत्र) दाबलं की फाईल एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डरांची खिडकी, ‘होम’ पानावर उघडतंय आन् आधी येऊन गेलेल्यांची कागदं समोर. जुलैअखेरची गर्दी, लाईन दारापर्यंत, लाईट कधी जाईल भरवसा नाही, आन् मी फोल्डर हुडकत बसायलोय.

परवा घोळच झाला. एका आजीचा अर्ज भरताना घाईत ‘होम’मधलं सगळ्यात वरचं स्कॅन पासबुक म्हणून जोडलं. आजी चष्मा सावरत स्क्रीनपाशी आल्या आन् म्हणल्या, “लेकरा, ह्यो फोटू आमच्या मालकाचा न्हाई.” आधीच्या शेतकऱ्याचं पासबुक होतं ते. सबमिट दाबलं नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून जीव धाकधूक करायलाय.

लातूरकर:
एक्सप्लोररच्या वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ऑप्शन्स उघडा. ‘ओपन फाईल एक्सप्लोरर टू’ दिसेल, तिथं ‘धिस पीसी’ निवडा.

सेलूकर:
केलं दादा. पण फोल्डर अजून दोन क्लिक लांबच. त्या यादीत आपलं फोल्डर टाकायची सोयच दिसंना.

नांदेडकर:
नाहीच ती. विंडोज-ई ला मनातलं फोल्डर लावायचा पर्याय विंडोजच्या सेटिंगमध्ये नाही. दुसरी वाट आहे. ‘पीक विमा’चा शॉर्टकट डेस्कटॉपवर घ्या, त्याच्या प्रॉपर्टीज उघडा. ‘टार्गेट’मध्ये फोल्डरचा पत्ता असतो, त्याच्या आधी इंग्रजीत एक्सप्लोरर लिहा आणि एक स्पेस सोडा. तुमच्या फोल्डरच्या नावातही स्पेस आहे, म्हणून पत्त्याचं दुहेरी अवतरण पुसू नका. खालच्या ‘शॉर्टकट की’च्या चौकोनात एक अक्षर दाबा, कंट्रोल-ऑल्ट आपोआप लागतं. तो शॉर्टकट ओढून टास्कबारवरही ठेवता येतो.

पण खरा घोळ जोडणीच्या वेळी होतोय. अपलोडची खिडकी ब्राउझर उघडतो, तिला हा शॉर्टकट माहीत नसतो. म्हणून फोल्डरवर राईट क्लिक करून ‘पिन टू क्विक अ‍ॅक्सेस’ करा, मग त्या खिडकीतही डावीकडं दिसेल. आणि ऑप्शन्समधल्या ‘प्रायव्हसी’खालच्या अलीकडच्या फाईलींच्या टिका काढून ‘क्लिअर’ दाबा. लोकांचे आधार, पासबुक येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणं बरं नव्हे.

सेलूकर:
झालं बघा! कंट्रोल-ऑल्ट-व्ही ठेवलंय, ‘व्ही’ विम्याचा. अपलोडच्या खिडकीचं तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, लई उपकार झाले. स्कॅनरचं सेव्ह फोल्डर आन् ब्राउझरचं डाऊनलोडही तिथंच वळवलं, म्हणजे सातबारा, आठ-अ सगळं एका जागी. स्कॅन झालं की लगेच शेतकऱ्याचं नाव आन् गट नंबर टाकायलोय. शेजारच्या कम्प्युटरवर विंडोज १० आहे, तिथं ‘होम’च्या जागी ‘क्विक अ‍ॅक्सेस’ आहे आन् ऑप्शन्स ‘व्ह्यू’मध्ये सापडलं, बाकी सगळं असंच चाललं.