उंच आलेला बॅकस्पिन बॉल: मुलांना आधी स्मॅश शिकवावा की लूप?

फोंडा_फोरहँड
टेबल टेनिसच्या ज्युनिअर गटाच्या सामन्यांत एक गुण सारखा वाया जाताना दिसतो. बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी असलेला समोरच्याचा पुश (हलकेच ढकललेला फटका) उचलला जातो किंवा लांबून केलेला चॉप (वरून खाली कापत परतवलेला बॉल) तरंगत येतो. बॉल नेटच्या दुप्पट उंच, मारायला मोकळा. पोरगा जीव खाऊन मारतो आणि बॉल नेटमध्ये. पुढच्या वेळी तोच पोरगा बिचकतो, बॉल खाली येऊ देतो, बॅट गुडघ्यापर्यंत नेऊन हळू लूप (खालून वर घासून टॉपस्पिन, म्हणजे पुढची फिरकी देणारा फटका) काढतो, आणि समोरचा आरामात ब्लॉक करतो.

माझं मत ठाम आहे: दहा-बारा वर्षांच्या मुलांना अशा बॉलवर आधी सपाट स्मॅश (न घासता जोरात मारलेला फटका) शिकवा, लूप मागाहून. टेबल २.७४ मीटर लांब, नेट १५.२५ सेंमी उंच. टेबलाच्या आपल्या कडेवरून सरळ रेषेत मारलेला बॉल नेटच्या माथ्यावरून समोरच्या कडेवर पडायचा असेल, तर तो टेबलापासून ३०.५ सेंमी वर लागायला हवा. नेटपासून अर्ध्या मीटरवर पोचलात तर २१ सेंमीसुद्धा पुरतात. त्याहून उंच बॉलला खाली आणायला टॉपस्पिनची गरजच नाही.

दुसरा मुद्दा मुलांच्या उंचीचा. टेबल ७६ सेंमी, त्यावर ३० सेंमी, म्हणजे जमिनीपासून १०६. पावणेसहा फुटी माणसाच्या हा बॉल कोपराशी असतो, तिथून लूप छान निघतो. १३८ सेंमी उंचीच्या पोराच्या तो छातीच्याही वर जातो. त्या उंचीवर खालून वर घासायला हात कुठून आणायचा?

बॉल नेटमध्ये जातो तो बॅट मिटल्यामुळे, म्हणजे पुढे झुकल्यामुळे. टॉपस्पिनचा उंच बॉल मारताना बॅट पुढे झुकवायची सवय लागलेली असते, तीच इथे नडते. बॅकस्पिन रबराला धरून बॉलला खाली ओढतो. बॅट जवळजवळ उभी ठेवा, बॉलच्या बरोबर मागे लागा, हात पुढे आणि किंचित वर जाऊ द्या. वरून खाली कुऱ्हाड मारल्यासारखा हात नको.

मडगाव_लूपर
भूमिती बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. बॉल कडेवर ४० सेंमी उंच आहे असं धरा. नेटही चुकवायची आणि टेबलही गाठायचं, तर सरळ रेषेच्या हिशेबात बॉल सुटण्याच्या कोनाला जेमतेम दीड-दोन अंशांची जागा उरते. गुरुत्वाकर्षण धरून मध्यम वेगाच्या स्मॅशला तीन अंश म्हणा. आता बॅकस्पिन किती आहे याचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी बॉल त्याहून जास्त वळून सुटतो. म्हणजे स्मॅश म्हणजे स्पिन अचूक ओळखण्याची परीक्षा, आणि ती तुम्ही दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी देताय.

लूपमध्ये टॉपस्पिन बॉलला टेबलावर खेचून आणतो, त्यामुळे तो नेटवरून हातभर उंच गेला तरी पडतो. मुलं चुकतात ती लूप निवडल्यामुळे नाही, खालच्या पुशवरचा लूप उंच बॉलवर लावल्यामुळे. नेटच्या उंचीच्या पुशला बॅट मांडीपासून निघते आणि जवळजवळ ४५ अंशांत वर जाते. उंच बॉलला बॅक-स्विंग बॉलच्या उंचीपेक्षा वीतभरच खाली हवा आणि हात बराचसा पुढे, थोडा वर. नुसतं घासायचं नाही, बॉल रबराखालच्या स्पंजमध्ये रुतला पाहिजे. लाकडाचा टक्‌ आवाज थोडा ऐकू आला तर संपर्क जाड आहे असं समजा. यालाच लूप-किल म्हणतात. तो वेगात स्मॅशच्या जवळ जातो आणि चूक पोटात घालतो.

डिचोली_चॉपर
दोघेही मारणाऱ्याच्या बाजूने बोलताय. टेबलाच्या पलीकडून, चॉप करणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं.

चॉपरला हळू, गोल लूप म्हणजे मेजवानी. तुमचा जितका टॉपस्पिन, तितका जड बॅकस्पिन लाँग पिंपलवरून (लांब दाणे बाहेर असलेल्या रबरावरून) तुम्हाला परत मिळतो. बॅकहँडला लाँग पिंपल असलेल्या खेळाडूसमोर सलग चार लूप काढा, पाचवा चॉप इतका जड येईल की खांदा बोलायला लागेल. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक चॉप करत थेट अंतिम फेरीत गेला, तिथे वर्नर श्लागरने त्याला हरवलं. आक्रमकांच्या काळात बचाव इतका पुढे जाऊ शकतो, याचं एक मोठं कारण हेच की बहुतेकांना चॉपवर एकच फटका येतो.

पण स्मॅशवाल्यांनीही एक ध्यानात ठेवावं. उंच आलेला प्रत्येक बॉल जड नसतो. ओळखायची खूण तुमच्याच आधीच्या फटक्यात आहे. जोरदार लूप केला होता आणि तो लाँग पिंपलवरून उंच आला, तर बॅकस्पिन जड. तुम्ही पुश केला होता आणि तो पिंपलवरून आला, तर बॉल जवळजवळ रिकामा (बिनफिरकीचा), कधी हलका टॉपस्पिन. त्या रिकाम्या बॉलवर फोंडा_फोरहँड सांगतात तशी उभी बॅट आणि वरचा हात लावला की बॉल थेट मागच्या भिंतीला. चॉपर बॅट फिरवून गुळगुळीत रबराने चॉप करत असेल तर बॅटचा रंग बघा. दोन बाजू वेगळ्या रंगाच्या ठेवायचा नियम त्यासाठीच आहे.

आणि मारायचा कुठे, हे अजून कोणी बोललंच नाही. मागे तीन मीटरवर उभ्या असलेल्या चॉपरच्या बॅकहँडला कितीही जोरात मारा, तो परत आणतो. पोटावर मारा, बॅट धरलेल्या हाताच्या कोपराकडे. तिथे फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यातच त्याचा वेळ जातो.

फोंडा_फोरहँड
मडगावकर, तुमचे तीन अंश मला मान्य. पण त्या हिशेबात बॉल स्पिनशिवाय जातो असं तुम्ही धरलंय. समोरून येणारा बॅकस्पिन ज्या दिशेने फिरत असतो, तीच दिशा परत जाताना टॉपस्पिनची ठरते. सपाट, वेगवान फटक्यात बॉल रबरावर फार थोडा वेळ राहतो, त्याची फिरकी पूर्ण मरत नाही. शॉर्ट पिंपलवर (आखूड दाण्यांच्या रबरावर) तर बरीच शिल्लक राहते. म्हणजे स्मॅश केलेला बॅकस्पिन बॉलसुद्धा थोडा टॉपस्पिन घेऊनच जातो आणि पुढे वाकतो. हळू, भीत भीत मारला की मात्र रबराला पकडायला वेळ मिळतो आणि बॉल खाली पडतो. अर्धवट जोर हा या फटक्याचा सगळ्यात मोठा शत्रू.

खरं दुखणं पायांचं आहे. उंचावरून उभा पडणारा जड बॅकस्पिन टप्प्यावर टेबलाला चावतो, पुढे यायचा थांबतो आणि जागच्या जागी वर उठतो. फारच जड असेल तर नेटकडे मागेही सरकतो. मूल कडेवर उभं राहून वाट बघतं, बॉल येत नाही, मग कंबरेतून वाकून हात लांब करतं. तोवर बॉल उतरायला लागलेला असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय टेबलाखाली टाकायचा, छाती बॉलच्या मागे आणायची आणि बॉल सर्वांत उंच असताना, उतरायच्या आत मारायचा. हात टेबलावरून आडवा गेला तरी चालतो, बॅट नसलेला मोकळा हात मात्र टेबलाला लागता कामा नये, गुण जातो. मारून झालं की पाय लगेच मागे. स्मॅश परत आला तर टेबलाखाली अडकलेला पाय पुढचा गुण घालवतो.

म्हापसा_टेबल_३
या चर्चेत गोव्याचा पावसाळा कुणीच धरला नाही! २०२३ आणि २०२४ मध्ये गोव्यात डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथलं वातानुकूलित कोर्ट आणि आपला जुलैतला हॉल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दारं उघडी, बाहेर मुसळधार, टेबलावर बोट फिरवलं तर ओल लागते. अशा हवेत रबरावर दमटपणाचा पातळ थर बसतो आणि बारीक घासलेला लूप घसरतो. बॉल वर उचललाच जात नाही, सरळ नेटच्या बुडाशी. चिकट चायनीज रबरांचं तर विचारूच नका, त्यांची सगळी मदार वरच्या थरावर.

त्या दिवशी सपाट फटका पकडीवर कमी अवलंबून असतो, आणि समोरच्याचा बॅकस्पिनही तुमच्या ओल्या रबराला नीट पकडत नाही. जून ते सप्टेंबर उंच बॉलवर स्मॅश, यात मला वादच दिसत नाही. फक्त त्याच बॅटने नेहमीइतका वर हात नेऊ नका, बॉल बाहेर जातो. सुका सुती टॉवेल जवळ ठेवा. दर ६ गुणांनी टॉवेल घ्यायची मुभा असते, त्यात आधी बॅट पुसा, मग कपाळ. आणि रबरावर हाह करून फुंकर मारायची सवय पावसात तरी सोडा, तोंडाची वाफ ओल वाढवते.

मडगाव_लूपर
ओल्या रबरावर घसरतो तो बारीक लूप. मी पहिल्यापासून जाड संपर्काचा लूप म्हणतोय. बॉल स्पंजपर्यंत दाबला गेला की वरच्या थराची ओल फारशी आड येत नाही. पावसात हात थोडा अधिक पुढे, थोडा कमी वर, एवढाच बदल. सेल्युलॉइडच्या जागी ४०+ प्लॅस्टिक बॉल आल्यापासून बारीक घासण्याचा फायदा तसाही कमी झालाय.

पायांबद्दल फोंडेकरांशी शंभर टक्के सहमत. पण टेबलाखाली पाय, छाती पुढे, बॉल माथ्यावर असताना संपर्क, हे सगळं करून पोरगा बॉलपर्यंत पोचला, तर त्याला लूप-किलही तितकाच सोपा. मग दोन वेगळे फटके कशाला? एकच हात, बॉलच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त वर जाणारा. उंच बॉलला वेगळा स्मॅश शिकलेलं मूल मध्यम उंचीच्या, नेटपेक्षा चार बोटं वर आलेल्या बॉलवरही तोच स्मॅश मारतं. अन् सामन्यात येतात ते बहुतेक बॉल त्याच उंचीचे. सवय एकदा बसली की मोडायला वर्ष लागतं.

साखळी_पालक
मुलगी लहान आहे, अकरा वर्षांची. असा बॉल बॅकहँडला आला तर काय करायचं?

डिचोली_चॉपर
खांद्याच्या उंचीला बॅकहँड कुणाचाच नीट चालत नाही, मोठ्यांचाही नाही. दोन वाटा आहेत. बॉल टप्प्यानंतर वर चढत असतानाच, छातीच्या खाली, पुढे पाऊल टाकून बॅकहँडने मारायचा. मनगट घट्ट, कोपर पुढे, हात छोटा. वेळ बरोबर साधली तर हा फटका फार चांगला, पण बॅकस्पिन जड असेल तर बॅट थोडी उघडी लागते. दुसरी वाट, डावीकडे वळसा घालून फोरहँड. त्यात उजवी बाजू उघडी पडते, म्हणून मग फटका निर्णायकच हवा. अकरा वर्षांच्या मुलीला बॉल तरंगत येत असेल तर पायांनी वळसा घालायलाच शिकवा, वेळ भरपूर असतो. मात्र बॉल नेटजवळ छोटा पडत असेल तर वळशाच्या नादाला लागू नका, तिथे चढत्या बॉलवर बॅकहँडच.

तिसरीही एक वाट आहे, उंच बॉलवर ड्रॉप शॉट. मागे गेलेल्या चॉपरवर तो चालतो, पण उंच बॉल मऊ ठेवणं स्मॅशपेक्षा कठीण. या वयात नको.

वास्को_मल्टिबॉल
वाद उंचीचा आहे, तर उंची मोजूनच सराव घ्या. नेटच्या दोन्ही खांबांना बांबूच्या काड्या बांधा आणि टेबलापासून बरोबर ३० सेंमीवर ठळक रंगाची दोरी ताणा. फीडरने टेबलाच्या पलीकडे दोनेक मीटर मागे उभं राहून बादलीतून बॅकस्पिन बॉल द्यायचे. दोरीच्या वरून आला तर स्मॅश, दोरी आणि नेटच्या मधून आला तर लूप. मडगावकरांना भीती आहे ती मधल्या उंचीची, आणि इथे निर्णय मुलाच्या डोळ्यांना दिसतो. दोरीवरून येणारा बॉल टप्प्यानंतर किती उठतो, हेही दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं.

सुरुवातीला एकच बाजू, एकच उंची, २० बॉलांचा एक संच. वेग साठ टक्के, पण हात पूर्ण. मग उंची मिसळा. त्यानंतर स्पिन मिसळा: तीन जड, एक रिकामा, क्रम न सांगता. जड-रिकाम्याचा खेळ फीडरने चेहऱ्यावरून नाही, मनगटावरून दाखवायचा, म्हणजे मूल बॅट बघायला शिकेल. बॉल नेटमध्ये गेला तर बॅट मिटलेली होती की पाय मागे राहिला, हे लगेच विचारा आणि उत्तर मुलाकडूनच येऊ द्या. सलग तीन नेटमध्ये गेले तर वेग कमी करू नका, बॅट एक बोटभर उघडा. सलग तीन बाहेर गेले तर वर जाणारा हात आवरा.

निशाणा म्हणून वहीचा कागद समोरच्या डाव्या कोपऱ्यात आणि दुसरा बरोबर मधोमध चिकटवा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर ३.१४ मीटर भरतं, म्हणजे सरळ मारण्यापेक्षा जवळजवळ ४० सेंमी जास्त टेबल हातात येतं, म्हणून सुरुवात तिरक्यापासून. मधला कागद डिचोलीकर म्हणतात त्या पोटासाठी.

मडगाव_लूपर
दोरीची कल्पना उचलतोय. मात्र माझ्याकडे ती ३० ऐवजी ४० सेंमीवर लागेल.

फोंडा_फोरहँड
चाळीसवर लावलीत तर लहान मुलांना स्मॅशचे बॉल मिळणारच नाहीत, दोरीच्या वर काही येतच नाही. सोळा वर्षांवरच्यांना चाळीस ठेवा, बारापर्यंत तीस.