स्टार्टर पेटीतला एलईडी सारखा जळतो: रेझिस्टर बदलू की कपॅसिटर लावू?

संत्राबाग_वरूड
विहिरीवरच्या ५ एचपी मोटरच्या पेटीत 'लाईन आली' दाखवायला ५ मिमी लाल एलईडी लावलाय. फेज-न्यूट्रलवर, सोबत ३३ के (किलो-ओहम), पाव वॅटचा रेझिस्टर. आठवडाभरात रेझिस्टर काळा पडतो, नाहीतर एलईडी जातो. करंट ७ मिलिअँपच निघतो, मग जळते काहून?

वायरिंगवाला
भाऊ, करंटचा हिशेब बरोबर, वॅटचा राहिला. २३० चा वर्ग भागिले ३३,००० म्हणजे १.६ वॅट. अर्धीच सायकल धरली तरी ०.८, पाव वॅटचा टिकणार कसा? त्यात मे महिन्यात पत्र्याची पेटी आधीच तापलेली. आणि उलट्या सायकलला ३२५ व्होल्टचं शिखर थेट एलईडीवर येतं, तो उलटा जेमतेम ५ व्होल्ट सोसतो.

०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट एसी लाईनवर लावायचा) कपॅसिटर घ्या, अंगावर १०४ आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलं असतं. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३१.८ के, करंट ७.२ मिलिअँप, आणि तो तापत नाही. सिरीजमध्ये १ के, १ वॅटचा फ्युजिबल (जास्त करंटला फ्यूजसारखा उडणारा) रेझिस्टर हवाच, नाहीतर लाईन येताक्षणीचा झटका एलईडी खातो. एलईडीला समांतर, उलट्या दिशेने ४००७ डायोड जोडा. तो विसरला तर कपॅसिटर एकदा भरून थांबतो आणि दिवा लागतच नाही. कपॅसिटरवर ४७० के चे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, लाईन बंद केल्यावर चार्ज उतरतो.

संत्राबाग_वरूड
पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घरी पडला आहे, तो चालेल? आणि दुसऱ्या पेटीत न्यूट्रलच नाही, तीन फेजच आहेत. तिथे अर्थिंगवर जोडू का?

वऱ्हाडी_पॅनल
पंख्याचा नको. २.५ ला अडथळा १,२७० ओहमच, १८० मिलिअँप जातील, एलईडी लगेच संपेल.

अर्थिंगवर तर मुळीच जोडू नका. उन्हाळ्यात माती कोरडी पडली किंवा अर्थिंगच्या खिळ्याची तार सुटली की इंडिकेटरमधून पेटीच्या पत्र्यात करंट उतरतो. ओल्या हाताने स्टार्टर दाबणाऱ्याला तो लागतो.

दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, एकटा २७५ चा कपॅसिटर तिथे टिकत नाही. १०४ चे दोन सिरीजमध्ये लावा, प्रत्येकावर आपापले ४७० के चे दोन रेझिस्टर. म्हणजे व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जातं. करंट ६.५ मिलिअँप येतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या पेटीतही दोनच लावा, फक्त २२४ चे (०.२२ मायक्रोफॅरड). डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटला की फेज-न्यूट्रलमध्येही ३५०-४०० व्होल्ट येतात. करंट तेव्हाही १४ मिलिअँपच्या आतच राहतो.

एलईडीच्या पायांवर पूर्ण लाईन असते, म्हणून होल्डर प्लास्टिकचा घ्या, पायांवर स्लीव्ह चढवा. काही वर्षांनी दिवा मंद झाला तर एलईडी बदलण्याआधी कपॅसिटर मोजा, एक्स२ झिजत झिजत कमी होत जातो.